व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असताना फीड कशाला? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फीड म्हणजे साइटवर चढलेल्या नव्या नोंदींची आपोआप बनणारी यादी, आणि ती वेळोवेळी तपासून दाखवणारं अ‍ॅप म्हणजे रीडर. सरकारी सूचना अशा फीडनं मिळवाव्यात, यावर तुमची प्रतिक्रिया थोडक्यात अशी: २०१३ मध्ये गुगल रीडर हा गुगलचा फीड रीडर बंद झाला तेव्हाच फीड संपलं, सरकारी साइटवर फीडची खूण शोधूनही सापडत नाही, आणि पाणी कधी येणार नाही हे सोसायटीच्या ग्रुपवर आधीच कळतं, मग हा खटाटोप कशाला?

पाण्यापुरतं अगदी बरोबर. नाशिकला गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदाघाटावरची दुकानं हलवायची असली, तर फीडवर विसंबून राहूच नये. रीडर तासा-दोन तासांनी एकदा डोकावतो, पाणी तेवढा दम धरत नाही. फीड कामाला येतं ते मुदतीच्या गोष्टींना: निविदा, भरती, हरकती-सूचना. नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल सुचवला गेला की हरकत घ्यायला महिनाभर मिळतो. असली सूचना ग्रुपवर सहसा कोणी टाकत नाही, आणि टाकलीच तर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते.

आता खुणेचं. नारिंगी खूण नाही म्हणजे फीड नाही, असं नसतं. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या एका प्रचलित प्रणालीवर) असेल तर मुख्य पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत फीड टाइप करून बघा. उघडलं तरी लगेच खूश होऊ नका. वर्डप्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये फीडला शेवटच्या १० नोंदीच असतात. शुक्रवारी संध्याकाळी एकदम २५ सूचना चढवल्या आणि तुमचा रीडर नंतर पोचला, तर आधीच्या १५ हुकल्याच. शिवाय त्यात फक्त पोस्ट, म्हणजे एकेक करून चढवलेल्या नोंदी, येतात. कायमच्या पानावरच्या, म्हणजे पेजवरच्या, तक्त्यात पीडीएफ जोडली असेल तर फीडला पत्ताही लागत नाही.

अशा पेजवर चेंजडिटेक्शन डॉट आयओसारखं साधन घरच्या संगणकावर लावावं, ते बदलांचं फीड बनवून देतं. मात्र पूर्ण पेज त्याच्या हवाली करू नका. बऱ्याच सरकारी पेजवर तळाला भेट देणाऱ्यांचा आकडा असतो, वर सरकती पट्टी असते. आकडा हलला की तुम्हाला सूचना, आणि चार दिवसांत वैतागून तुम्ही सगळंच बंद कराल. तक्त्यावर उजवी क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा, टेबल असं लिहिलेली ओळ पकडून तिचा सिलेक्टर (पेजच्या त्या भागाची ओळख) कॉपी करा आणि तेवढाच त्या साधनाच्या फिल्टरमध्ये टाका. सहा तासांनी एकदा तपासलं तरी पुरतं. दर मिनिटाला ठोकत बसलात तर साइट तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अडवू शकते. एक फट मात्र राहते: जुन्याच लिंकवर पीडीएफ बदलली तर तक्ता जसाच्या तसा, म्हणून काहीच कळत नाही. मुदत चालू असलेल्या पीडीएफवर वेगळी पाळत लावावी आणि पहिल्या दिवशीची प्रत उतरवून ठेवावी.

फीडली या ऑनलाइन रीडरमध्ये फीडचा पत्ता टाकला आणि एरर आली, तर लगेच साइटला दोष देऊ नका. फीडली स्वतःच्या सर्व्हरवरून फीड आणतं, आणि काही सरकारी साइट देशाबाहेरच्या सर्व्हरला आतच घेत नाहीत. तोच पत्ता फोनवरच्या फीडर अ‍ॅपमध्ये किंवा संगणकावरच्या थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये घाला. ती तुमच्याच इंटरनेटवरून विचारणा करतात, त्यामुळे बऱ्याचदा काम होतं.

रीडरमध्ये ठरावीक शब्द असलेल्या नोंदीच दाखवणारी गाळणी लावताना एकाच भागाची दोन्ही नावं द्या: सिडको आणि नवीन नाशिक, नाशिकरोड जोडून आणि तोडूनही. नाहीतर निम्म्या नोंदी गळतात. ही गाळणी निविदांपुरतीच ठेवा, कारण सिंहस्थाच्या कामांमुळे त्यांचा ढीग मोठा असतो. जाहीर सूचनांना ती लावूच नका. त्यांचं शीर्षक कितीदा नुसतं ‘जाहीर सूचना’ एवढंच असतं, आणि तुमच्या गल्लीचं नाव आतल्या स्कॅन केलेल्या पानावर, जे कुठलीच गाळणी वाचत नाही.