कपाटातल्या कॅमेऱ्यालाच बुरशी लागते

मृग लागला की कोल्हापुरातल्या फोटोग्राफीच्या ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरायला लागतो आणि परतीचा पाऊस संपेपर्यंत फिरत राहतो. मथळा दरवर्षी थोडा बदलतो, मजकूर तोच असतो: पावसाळ्यात लँडस्केप काढायला जाऊ नका. कारणं सहा दिलेली असतात. ढगांमुळे प्रकाश नसतो, फोटो सपाट येतात. धुक्यात काही दिसत नाही. लाखाच्या वरचा वेदरसील्ड (पावसाचे शिंतोडे सोसणारा) कॅमेरा नसेल तर एका सरीत खेळ खलास. म्हणून कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवा, चुकून भिजलाच तर तांदळाच्या डब्यात पुरा. खरा लँडस्केप दिवाळीनंतर, आकाश निळं आणि हवा स्वच्छ झाल्यावर. आणि शेवटी, पावसात डोंगरावर जीव धोक्यात येतो.

नवा कॅमेरा घेतलेली पोरं हे वाचून चार महिने घरी बसतात. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळात जेमतेम पाच-सहाशे. एवढ्याशा अंतरात एवढा फरक असलेला मुलूख पावसातच बघायचा असतो, आणि आपण पोरांना नेमकं तेव्हाच थांबवतो. मला हे मनापासून लागतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळे सारख्या वजनाचे नाहीत.

प्रकाश नसतो म्हणतात, तर तो मोजूनच बघू. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता) १०० ला एफ १६ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तेवढं ते लहान) आणि शटर १/१२५ सेकंद हे जुनं, फोटोवाल्यांना पाठ असलेलं गणित. आभाळ पूर्ण भरलेलं असताना त्याच शटरला साधारण एफ ५.६ लागतो. म्हणजे तीन स्टॉप कमी (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), प्रकाश आठव्या हिश्शावर आला. पण आयएसओ १०० चा ८०० केला की तो भरून निघतो, आणि गेल्या दहा वर्षांतला कुठलाही बरा कॅमेरा ८०० ला स्वच्छ फोटो देतो. ट्रायपॉड असेल तर तेवढीही गरज नाही.

सपाटपणाचं म्हणाल तर भर उन्हात दरीचा एक कडा पांढरा जळतो, समोरचा काळाठिक्कर होतो आणि सेन्सरला दोन्ही एकाच वेळी पेलत नाहीत. ढगाखाली हा फरक आवाक्यात येतो. मग हिरव्याच्या छटा एकमेकींपासून सुटतात: नुकत्या रोपलावण झालेल्या भाताचा पोपटी, उसाचा गर्द, बांधावरच्या जांभळीचा काळपट. ओल्या पानांवर आकाशाची पांढरी चमक असते, ती मात्र रंग खाते. त्यासाठी पोलरायझर (लेन्सवर फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर) लावा आणि पान डोळ्यासमोर रंग धरेपर्यंत फिरवा. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश घेतो, ते द्यावेत. रंकाळा तलावात शालिनी पॅलेसचं प्रतिबिंब हवं असेल तर हाच फिल्टर काढून ठेवायचा, कारण तो चमकेबरोबर प्रतिबिंबही पुसतो.

दगडाचंही तेच. पन्हाळ्याचा तीन दरवाजा मे महिन्यात धुळकट करडा दिसतो. पाऊस पडून गेल्यावर तोच दगड काळाभोर होतो आणि कोरीवकामाची रेघ न् रेघ वर येते. कोरड्या, खरबरीत पृष्ठभागावरून विखुरणारा पांढरा प्रकाश पाण्याच्या थरामुळे कमी होतो आणि दगडाचा मूळ रंग उरतो. मसाई पठारावरचा जांभा भिजल्यावर जो लाल होतो, तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ओढून आणता येत नाही.

कमी प्रकाशाचा फायदाच होतो अशी जागा म्हणजे धबधबा. राधानगरीजवळच्या राऊतवाडीसारख्या ठिकाणी पाण्याला ओढ दाखवायची तर शटर १/४ सेकंदाच्या आसपास हवं. उन्हात त्यासाठी वेगळा काळा फिल्टर विकत घ्यावा लागतो. ढगाखाली आयएसओ १०० ला एफ १६ केलं की शटर १/१५ वर येतं, पोलरायझर लावला की १/४ वर. झालं काम.

आणि पडणारा पाऊस? मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने खाली येतो. १/६० ला तो फोटोत पंधरा सेंटिमीटरची रेघ होतो, १/१००० ला जेमतेम सेंटिमीटरभर, म्हणजे दिसेनासा. पाऊस दिसायला हवा तर शटर १/६० ते १/१२५ ठेवा आणि मागे काही काळोखं घ्या: देवराई, भिजलेली भिंत, घाटातला कडा. मागे पांढरं आभाळ असेल तर धो धो पावसातही फोटो कोरडा येतो. "पावसात पाऊसच येत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते.

धुक्याबद्दलचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो कोल्हापुरात बोलला जातो. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलावाची आणि रंकाळ्याची चित्रं काढली ती याच ओलसर हवेत. अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांची पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं त्यांच्या इथल्या संग्रहालयात आहेत. पोरांनी ती एकदा नीट उभं राहून बघावीत. जवळचं झाड गडद, त्यामागचं फिकं, त्यामागचा डोंगर नुसता असल्याची खूण. अंतर दाखवण्याचं काम हवेतला ओलावा करतो. पन्हाळ्यावरच्या सज्जा कोठीच्या बाजूने दरीकडे बघताना धुकं हेच करतं. एरवी पंधरा गोष्टींचा पसारा असलेल्या दृश्यातून ते तीन ठेवतं, बाकीच्या काढून घेतं.

धुक्याचे फोटो राखाडी येतात हे खरं, पण तो दोष धुक्याचा नाही. कॅमेऱ्याचं मीटर समोर दिसेल ते मध्यम करड्यावर आणू बघतं, म्हणून पांढरं धुकं मळकट होतं. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजवीकडे सरकू द्या, फक्त कडेला आपटू देऊ नका. ऑटोफोकस पुढेमागे चाचपडत राहतो. तटबंदीच्या दगडावर किंवा झाडाच्या बुंध्यावर फोकस धरा आणि मॅन्युअल करा. मग थांबा. जुलै-ऑगस्टमध्ये पन्हाळ्यावरचं धुकं म्हणजे गडावरून सरकणारा ढगच असतो. त्यात फट पडते, बुरूज दिसतो, पुन्हा मिटते.

ऑक्टोबरचं धुकं वेगळं. पाऊस उघडलेला असतो, जमीन अजून ओली, रात्र निरभ्र आणि वारा पडलेला. जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्यालगतच्या हवेतली वाफ पंचगंगा-कासारीच्या खोऱ्यात धुकं होऊन बसते. तेव्हा आपण पन्हाळ्यावर किंवा जोतिबाच्या डोंगरावर त्याच्या वर उभे असतो. सूर्य उगवायच्या आधी पोहोचायला हवं, ऊन तापलं की ते विरतं. शरदातल्या या सकाळी पाऊस नीट झालेला असेल तरच मिळतात.

महागड्या कॅमेऱ्याचा मुद्दा थोडक्यात उरकतो. वेदर सीलिंग म्हणजे सांध्यांत रबराच्या पट्ट्या. ते पाणबंद नसतं, आणि लेन्सच्या माउंटवर (बॉडीला जोडायच्या कड्यावर) तसंच रबर नसेल तर बॉडीचं सीलिंग अर्धंच कामाचं. साध्या कॅमेऱ्याला जाड प्लॅस्टिकची पिशवी, हुडच्या (लेन्सच्या पुढच्या आडोशाच्या कड्याच्या) तोंडाशी कापलेलं भोक आणि रबरबँड एवढं बस्स. रोपलावणीला उभ्या बायका प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेऊन दिवसभर पावसात असतात. कॅमेऱ्यालाही खोळच घालायची. हुड नेहमी लावा, वारा पाठीवर घ्या, फोटो नसेल तेव्हा लेन्सचं तोंड खाली ठेवा. काचेवर थेंब पडला तर घासू नका, टिपा. वाइड लेन्स आणि एफ १६ असेल तर थेंब फोटोत ठळक उमटतो, म्हणून दर दोन-तीन फोटोंनी काच बघायची सवय लावा. सोबत एक जण छत्री धरणारा असेल तर उत्तमच.

त्याहून जास्त लोकांना त्रास देते गाडीतली एसी. बाहेरची हवा बावीस-तेवीस अंशांना वाफेने भरलेली असते. वीस अंशांच्या गाडीतून काढलेल्या काचेवर ती लगेच पाणी होऊन बसते. घाट चढायला लागल्यावर एसी बंद करा, खिडकी उघडा, कॅमेरा बॅगेत बंदच राहू द्या. वीस-तीस मिनिटांत काच बाहेरच्या तापमानाला येते.

आता कपाट. हा सल्ला नुसता चुकीचा नाही, नुकसान करणारा आहे. लेन्समध्ये वाढणाऱ्या बुरशीला पडणारा पाऊस लागत नाही. तिला दमट, काळोखी, हवा न हलणारी जागा लागते आणि खायला बोटांचा तेलकटपणा किंवा धुळीचा कण पुरतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ती वाढायला लागते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये घरातसुद्धा ऐंशीच्या वर असते. त्यात बॅगेचं कापड आणि आतला फोम पाणी धरून ठेवतो. जूनमध्ये कॅमेरा असा बंद केला आणि दसऱ्याच्या पूजेला बाहेर काढला, की काचेवर जाळं दिसतं. ही बुरशी आम्ल सोडते, त्याने काचेवरचं कोटिंग कोरलं जातं, मग लेन्स उघडून साफ केली तरी डाग राहतो. पावसात वापरून, पुसून, पंख्याखाली वाळवून ठेवलेला कॅमेरा यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो.

ठेवायचा कसा, तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये असावा. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी हिरवे झाले, की ते भिजले. मंद आचेवर तापवले की पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात ते तापवू नका. ड्राय कॅबिनेट (आतली आर्द्रता आपोआप आवरणारं कपाट) परवडत असेल तर घ्या, पण डब्यानेही भागतं.

तांदळाबद्दल इतकंच: उघड्या हवेत पंख्यासमोर ठेवलेल्या कॅमेऱ्यापेक्षा तांदूळ काही जास्त पाणी ओढत नाही, उलट त्याची पिठी फटींतून आत जाते. कॅमेरा भिजला तर चालू करून बघायचा मोह टाळा. बॅटरी काढा, कार्ड काढा, सगळी झाकणं उघडी ठेवा, हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका. वरवर वाळला की सिलिकाच्या डब्यात एक-दोन दिवस ठेवा.

राहिला दिवाळीनंतरच्या स्वच्छ हवेचा दावा. कोल्हापूरच्या माणसाने तरी हे लिहू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं पेटतात, कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात, तोड झालेल्या रानात पाचट जाळलं जातं. थंडीत हा धूर आणि धूळ खालच्या थरातच कोंडून राहते. गुऱ्हाळाच्या धुरातून येणारी सकाळची तिरीप सुंदर असते, तिचे फोटो जरूर काढा, पण दूरचा डोंगर धारदार दिसण्याचा तो काळ नाही. तो सप्टेंबरात दोन सरींच्या मध्ये येतो, पावसाने हवा धुतलेली असते तेव्हा. त्याच दिवसांत मसाई पठारावर फुलं असतात (ट्रायपॉड फुलांवर रोवू नका, जांभ्याचा उघडा खडक शोधा). परतीच्या पावसात दुपारनंतर ढग बांधून येतात आणि पश्चिमेला ऊन, पूर्वेला सर असा खेळ होतो. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली आल्याशिवाय उभ्या माणसाला आभाळात इंद्रधनुष्य दिसत नाही, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारी चारपासून सूर्याकडे पाठ करून बघत राहावं. पन्हाळ्यावरून ते जोतिबाच्या बाजूला उमटतं. पोलरायझर जपून फिरवा, एका कोनात तो इंद्रधनुष्यच गायब करतो.

सहावा मुद्दा, जिवाचा, बरोबर आहे, आणि तो मी कमी करून सांगणार नाही. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ता खचला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी इशाऱ्याकडे सरकत असेल तर नदीच्या घाटावर आणि पुलांवर फोटोसाठी गर्दी करून बचाव करणाऱ्यांच्या वाटेत येऊ नये. दाजीपूरचं जंगल पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं, तिथे चोरवाटेने शिरू नये. परतीच्या पावसात मसाईसारख्या उघड्या पठारावर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. ट्रायपॉड मिटवून तडक गाडीत बसायचं. धबधब्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या, तर वर पाऊस वाढलेला असतो. तेव्हा सामान सोडून आधी पात्राबाहेर यायचं. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी हा सहावा मुद्दा पहिला करावा आणि त्याच्याखालचे पाच काढून टाकावेत.