दिगंबरला ध्येय सापडते

पुण्यात शास्त्री रस्त्यावर स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका सुटल्यावर जी मंडळी आमच्या कट्ट्यावर जमतात, त्यांच्यापुरता राज्यसेवेच्या वर्णनात्मक (दीर्घ उत्तरांच्या) परीक्षेचा विषय आता शिळा झाला आहे. रविवारी मात्र दिगंबरने नवेच प्रकरण आणले. दोन दिवसांचे प्रेरणा-शिबिर करून आलेल्या या गृहस्थाने खिशातून घडी घातलेला तक्ता काढला, कट्ट्यावर पसरला आणि आयुष्याचे ध्येय ज्याला एका ओळीत लिहिता येत नाही तो भरकटलाच म्हणून समजा, असे जाहीर केले. त्याच्या स्वतःच्या ओळीत 'उपजिल्हाधिकारी' असे लिहिले होते आणि पुढे 'किंवा उद्योजक'.

"हे ध्येय नव्हे, ही दारावरची पाटी आहे," वैशाली म्हणाली. ती तलाठी झाली आहे आणि या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हा सर्वांहून तिला अधिक आहे, असे माझे मत आहे. "सोमवारी सकाळी भूसंपादनाच्या मोबदल्याची फाइल टेबलावर येईल आणि समोर चार भाऊ भांडत उभे असतील. ती फाइल वाचायची तुला इच्छा आहे का, एवढेच सांग."

प्रेरणा आतून यावी लागते आणि त्यासाठी पहाटे साडेचारला उठून आरशासमोर उभे राहावे लागते, असे दिगंबरने सांगितले. त्यावर त्याचा खोलीभागीदार सुहास नुसताच खोकला.

नानांनी दिगंबरची बाजू सावरण्यासाठी महर्षी कर्व्यांना पुढे केले, आणि तिथेच ते फसले. "सतराव्या वर्षी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेलेल्या कर्व्यांना वय लहान दिसते म्हणून परत पाठवले," वैशाली म्हणाली. "1891 मध्ये पत्नी गेली, त्याच वर्षी ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले, 1893 मध्ये विधवेशी विवाह केला म्हणून गावाने वाळीत टाकले, 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम निघाला आणि महिला विद्यापीठ 1916 मध्ये, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी. नाना, यातले काय त्यांनी तक्त्यात लिहून ठेवले होते?"

"त्यांना फर्ग्युसनचा पगार होता," नाना चिडून म्हणाले. "घरून मेसचे पैसे मागवणाऱ्या पोराला हे सांगणे सोपे आहे."

"म्हणूनच आधी पगार शोध म्हणते. खुल्या गटाला असलेली 38 वर्षांची मर्यादा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी आहे, आयुष्य सुरू करण्यासाठी नव्हे." मग जरा थांबून ती म्हणाली, की वारस नोंदी करण्यात आपला जीव रमेल, असे अभ्यासिकेत बसून तिला कधीच वाटले नव्हते, पण नवरा गेल्यापासून खेटे घालणाऱ्या एका बाईचे नाव सातबाऱ्यावर लागले, तेव्हा तो उतारा पिशवीत न घालता हातात धरूनच ती बाई एसटीत चढली, आणि त्यानंतर उरलेले फेरफार रात्री बसून संपवायला वैशालीला कुणाच्याही शिबिराची गरज पडली नाही.

दिगंबरने मुकाट्याने पेन काढले आणि 'उद्योजक' खोडू का, असे विचारले.

"खुशाल खोड," सुहास म्हणाला, "पण आधी आपल्या शेळीपालनाचा हिशेब दे. माझे पैसे घेऊन त्या शेळ्या गेल्या कुठे?"

"त्यांचाही मी तक्ता केला होता," दिगंबर गंभीरपणे म्हणाला, "तो त्यांनीच खाल्ला."

नानांना हसता हसता ठसका लागला, आणि चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर नवा वाद सुरू झाला.