निदण म्हणजे गाजरगवत नव्हे!

माझी मामेबहीण येशूचे दाखले, म्हणजे त्याच्या बोधकथा, वसईच्या सामवेदी बोलीत उतरवते आहे. त्यातला एक बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला: मालकाने शेतात गहू पेरला, लोक झोपलेले असताना शत्रूने येऊन त्यात निदण पेरलं; गडी ते उपटायला निघाले, तर मालक म्हणाला, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. परवा तिच्याकडे एक फिरता मेसेज आला: 'मत्तयच्या १३व्या अध्यायातलं निदण म्हणजे कुठलंही तण. लोकांना कळावं म्हणून गाजरगवत लिहा. दुसऱ्याच्या शेतात तण पेरायला कोणी जात नाही, ती नुसती कल्पना. पिकलेला गहू नम्रपणे वाकतो, निदण ताठ राहतं.' आणि या बाईने खरंच गाजरगवत लिहून टाकलं!

अहो, गाजरगवत मूळचं अमेरिकेतलं. आणि त्याचं पान कसं असतं ते नावातच आहे. गव्हात उगवलं तर शाळकरी पोरही बोट दाखवील. मग मालक गड्यांना 'उपटू नका, गहूही उपटला जाईल' असं का सांगतो? दाखल्याचा कणाच मोडला की! ग्रीक मजकुरातलं 'झिझानिया' म्हणजे गव्हाच्या शेतातलं एक विशिष्ट गवत, इंग्रजीत डार्नेल. ओंबी येईपर्यंत ते गव्हातून वेगळं ओळखणं कठीण, आणि तोवर मुळं एकमेकांत गुंतलेली. मत्तयनेही ते दाणे धरल्यावरच दिसलं असं लिहिलंय. त्याच्या दाण्यात बहुधा बुरशीचं विष असतं. पिठात गेला की माणूस झिंगल्यासारखा होतो. म्हणून तर लॅटिन नावात 'झिंगलेलं' असा शब्द आहे.

'कोण पेरणार?' म्हणे. ५३३ साली सम्राट जस्टिनियनने काढलेल्या रोमन कायद्याच्या 'डायजेस्ट' या संकलनात उल्पियन हा जुना कायदेपंडित त्याच्याही आधीच्या सेल्सस या कायदेपंडिताचा हवाला देऊन चर्चा करतो: दुसऱ्याच्या पिकात कोणी हेच गवत किंवा रानओट टाकून पीक नासवलं, तर कोणता दावा लावायचा? जे कधी घडतच नाही, त्यावर वकील कशाला डोकं शिणवतील?

भरलेली ओंबी झुकते, हे मान्य. पण दाखल्यात त्याबद्दल अवाक्षर नाही. नम्रतेवर प्रवचन द्यायचं तर खुशाल द्या, भाषांतरात घुसवू नका.

एक मात्र कबूल करतो. घोळ थोडा आपल्या मराठी शब्दातही आहे. निंदून काढायचं ते निदण, आणि इथे तर कापणीपर्यंत निंदायचंच नाही!

बहिणीला म्हटलं, तुमच्याकडे गहू नाही, भात आहे. भातातही हुबेहूब भातासारखं दिसणारं गवत माजतं. त्याला तिथली म्हातारी माणसं काय म्हणतात ते आधी विचार. रविवारी मिस्सा झाल्यावर विचारणार आहे.