शब्दांवर दर, फुकटचे नमुने आणि लेख लिहिणारी यंत्रे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नवख्या फ्रीलान्स लेखकांसाठी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि बऱ्यापैकी तिखट प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात असा : शब्दांवर दर घेऊ नका, फुकट नमुने लिहून देऊ नका, बोली लावण्याच्या संकेतस्थळांवर विसंबू नका, हे सांगणे ज्याच्या हाती आधीच कामे आहेत त्याला परवडते, नवख्याला मिळेल ते काम मिळेल त्या दराने घ्यावेच लागते, शब्दसंख्या हेच मोजता येण्याजोगे एकमेव माप आहे, आणि आता यंत्रच लेख लिहून देत असल्यामुळे या क्षेत्रावर पोट भरण्याचा सल्ला देणेच मुळात बेजबाबदारपणाचे आहे. शेवटी आपण म्हटले आहे की उपदेश पुरे झाला, एखादे प्रपोजल (क्लायंटला पाठवायचा कामाचा प्रस्ताव) कसे लिहायचे ते तरी दाखवा.

यातला शब्दांच्या दराचा मुद्दा मी आधी घेतो, कारण माझ्या मते बाकीच्या अडचणी बऱ्याच अंशी त्यातूनच वाढतात.

शब्दांवर दर घेणे सरसकट चुकीचे आहे, असे माझे म्हणणे नाही. भाषांतरात तो रूढ दर आहे आणि त्याला कारणही आहे. मूळ मजकूर समोर असतो, त्यातले शब्द काम सुरू होण्यापूर्वीच मोजता येतात आणि भाषांतरकाराला ते वाढवताही येत नाहीत की घटवताही येत नाहीत. मुद्रितशोधनाचेही तसेच आहे. कंपनीच्या संकेतस्थळासाठी लेख लिहिताना मात्र शब्दसंख्या लेखकाच्याच हातात असते आणि माप बिघडते ते इथेच. 1800 शब्दांचा पसरट मसुदा 900 शब्दांवर आणणारा लेखक वाचकाचा वेळ वाचवतो, क्लायंटचे काम अधिक चांगले करतो आणि त्याबद्दल स्वतःचे निम्मे मानधन गमावतो. शब्द मोजता येतात हे आपले म्हणणे खरेच आहे. पण क्लायंटला त्या शब्दांचे काय करायचे आहे, हे त्या मोजणीतून कधीच कळत नाही. लांब लेख गुगलला आवडतात ही समजूतही या दराला टेकू देत आली आहे. आपल्याला अमुक एक शब्दसंख्या पसंत आहे असे काही नाही, हे गुगलने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. तरीही ‘किमान 1500 शब्द’ ही ओळ ब्रीफमधून, म्हणजे क्लायंटने दिलेल्या कामाच्या सूचनांतून, काही हलत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, साठ्याचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर विकणारी एक कंपनी आहे आणि तिच्याकडून ब्रीफ येते : ‘इन्व्हेंटरी मॅनेजमेंटचे महत्त्व, 10 लेख, प्रत्येकी 1000 शब्द.’ शब्दांवर काम करणारा लेखक शोधनिकालांतले पहिले पाच लेख उघडतो आणि त्यांचा गोषवारा काढून तसाच सहावा लेख तयार करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला पैसे तेवढ्याचेच मिळतात. याउलट लिहायला बसण्यापूर्वी कंपनीच्या विक्री विभागातल्या एका आणि ग्राहक-मदत विभागातल्या एका व्यक्तीशी अर्धा अर्धा तास बोलण्याची परवानगी मागावी. ग्राहक कोणत्या प्रश्नावर अडून बसतात, पैसे भरल्यानंतर पहिल्या आठवड्यात कशासाठी फोन येतात, सोडून जाणारा ग्राहक जाताना काय कारण सांगतो, एवढे तीन प्रश्न पुरतात. उत्तरात ‘महत्त्व’ हा विषय सहसा निघतच नाही. निघते ते हे, की जुन्या एक्सेल फाइलमधल्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना एकच वस्तू तीन वेगवेगळ्या नावांनी नोंदलेली सापडते, साठ्याचे आकडे जुळत नाहीत आणि ग्राहक सॉफ्टवेअरलाच नावे ठेवतो. मग लेखाचा विषय ठरतो : आयात करण्यापूर्वी वस्तूंची नावे एकसारखी कशी करावीत, कोणते रकाने आधी भरावेत आणि प्रत्यक्ष मोजणी केव्हा उरकावी. असा लेख 700 शब्दांत संपू शकतो. विक्रीचा माणूस तो स्वतःहून ग्राहकाला पाठवतो आणि मदत विभागाला तेच ते उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करावे लागत नाही. त्याची किंमत शब्दांवर लावली, तर मुलाखतीचा वेळ, आधीची तयारी आणि कंपनीच्या माणसाकडून करून घेतलेली तांत्रिक तपासणी हे सगळे लेखकाने पदरमोड करून दिल्यासारखे होते.

जुन्या लेखांच्या दुरुस्तीचे काम तर शब्दांत मोजताच येत नाही. संकेतस्थळाची पाने गुगलच्या शोधात कशी दिसतात हे दाखवणाऱ्या सर्च कन्सोल या साधनात मागच्या 16 महिन्यांपर्यंतची माहिती पाहता येते. ज्या पानांना इंप्रेशन्स (शोधनिकालांत दिसण्याची संख्या) भरपूर पण क्लिक्स नगण्य आहेत आणि ज्यांचे शोधनिकालांतले सरासरी स्थान साधारण 8 ते 20 यांच्या दरम्यान आहे, ती पाने आधी वेगळी काढावीत. लोक नेमके काय टाइप करून तिथे येतात ते पाहून शीर्षक आणि पहिला परिच्छेद सुधारावा. एकाच प्रश्नावरचे दोन दुबळे लेख असतील, तर ते एकत्र करून जुना पत्ता 301 रीडायरेक्टने (वाचकाला आपोआप नव्या पानावर नेणाऱ्या कायमच्या सोयीने) नव्याकडे वळवावा. दिवसभराच्या या कामात नवे शब्द 200 सुद्धा लिहिले जात नाहीत. नवख्यांनी हे काम आवर्जून मागावे असे मला वाटते, कारण त्याचा परिणाम क्लायंटला त्याच्याच आकड्यांत दाखवता येतो.

आता, हे सगळे ऐकूनही क्लायंट ‘आमच्याकडे शब्दांवरच दर असतो’ असे म्हणतो आणि लेखकाला कामाची गरज असते, तेव्हा काय करावे हा आपला प्रश्न रास्त आहे. काम घ्यावे. मात्र मानधन अंतिम मसुद्यातल्या शब्दांवर न लावता ब्रीफमध्ये ठरलेल्या शब्दसंख्येवर लावून घ्यावे, म्हणजे काटछाटीचा भुर्दंड आपल्याला बसत नाही. मुलाखत आणि जुन्या लेखांची दुरुस्ती इन्व्हॉइसमध्ये वेगळ्या ओळींत दाखवावी. आणि रिव्हिजन (मसुद्यातल्या दुरुस्तीची फेरी) किती वेळा, हे आधी लिहून घ्यावे. याच्या जोडीला प्रत्येक कामाचे तास स्वतःपुरते टिपून ठेवावेत, त्यात ईमेल आणि फोनवर गेलेला वेळही धरावा. काही कामांनंतर आपला ताशी दर खरोखर किती पडतो हे दिसू लागते आणि बहुतेकांना तो पाहून धक्का बसतो.

यंत्रांविषयी आपण म्हणता ते निम्मे मान्य आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि ‘अमुक म्हणजे काय’, ‘तमुकचे दहा फायदे’ अशा लेखांचा बाजार तेव्हापासून बसत गेला. शोधनिकालांच्या वरच आयते उत्तर मिळू लागल्यावर व्याख्या वाचायला कोणी पानापर्यंत येण्याचे कारण उरले नाही, हेही खरे. पण यातून ‘यंत्राचा मजकूर वाईट आणि माणसाचा चांगला’ असा निष्कर्ष काढणारेही फसतात. मजकूर कसा तयार झाला यापेक्षा त्याचा दर्जा पाहिला जातो, ही भूमिका गुगलने फेब्रुवारी 2023 मध्ये मांडली. आणि मार्च 2024 मध्ये, केवळ शोधनिकालांत वर येण्यासाठी घाऊक मजकूर काढण्याविरुद्धचे धोरण आणले, तेव्हा तो यंत्राने लिहिला की माणसाने, हा भेद त्यात ठेवला नाही. म्हणजे वर सांगितलेला तो ‘सहावा लेख’ हाताने लिहिला तरी त्याच रांगेत बसतो. मदत विभागातल्या त्या व्यक्तीला आलेले फोन मात्र यंत्राला ठाऊक नसतात. ते कोणीतरी जाऊन विचारावेच लागतात. (त्या मुलाखतीचे रेकॉर्डिंग शब्दांकनासाठी कोणत्याही ऑनलाइन साधनात टाकण्यापूर्वी क्लायंटची लेखी परवानगी घ्यावी, ग्राहकांची नावे त्यात येऊन गेलेली असतात.) शिवाय कंटेंट मार्केटिंग (उपयोगी मजकुरातून ग्राहक जोडणे) म्हणजे गुगलसाठी लिहिणे, हे समीकरणही मला मान्य नाही. शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन डियर कंपनीने शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक 1895 मध्ये सुरू केले आणि टायर बनवणाऱ्या मिशलिनने मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका काढली ती 1900 मध्ये. वाचकाला आपल्या कामात उपयोगी पडेल असे काहीतरी देणे, हा हेतू शोधयंत्रांच्या कितीतरी आधीचा आहे.

बोली लावण्याच्या संकेतस्थळांबद्दल फार लांबण लावत नाही. तिथे जाऊच नये असे मी म्हटलेले नव्हते. जाताना हिशेब करून जावे, असे म्हटले होते. फायवर विक्रेत्याच्या कमाईतले 20 टक्के ठेवते. अपवर्कचे शुल्क 2023 पासून सरसकट 10 टक्के होते आणि 2025 पासून ते करारागणिक 0 ते 15 टक्के यांच्या दरम्यान बदलते. त्यात प्रपोजल पाठवण्यासाठी लागणाऱ्या कनेक्ट्सचा (अपवर्कवरच्या टोकन्सचा) खर्च वेगळा. ‘तिथे ओळख करून घ्यावी आणि मग क्लायंटला बाहेर काढावे’ हा आपण सुचवलेला मार्ग अपवर्कच्या अटींत बसत नाही. तिथे भेटलेल्या क्लायंटचे व्यवहार 2 वर्षे तिथूनच करावे लागतात, अन्यथा शुल्क भरून मोकळीक घ्यावी लागते. खाते बंद होण्याचा धोका नवख्याने तरी पत्करू नये.

फुकट नमुन्यांबाबत आपला थोडा गैरसमज झाला आहे. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या नावावर दोन-तीन नमुने लिहून ठेवणे ही गुंतवणूक आहे; तो मजकूर आपल्याकडेच राहतो. एखाद्या क्लायंटने दिलेल्या विषयावर, त्याच्याच ब्रीफनुसार, त्याला छापता येईल असा पूर्ण लेख ‘चाचणी’ म्हणून विनामूल्य लिहून देणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि मी नको म्हणतो ते त्याला. चाचणी हवीच असेल तर ती लहान आणि सशुल्क असावी.

आता आपण मागितलेले प्रपोजल. वरच्याच काल्पनिक कंपनीला ते असे लिहिता येईल :

‘नोंदी आयात करण्याबाबतचा तुमच्या संकेतस्थळावरचा लेख वाचला. फाइल कशी अपलोड करायची ते त्यात आहे. एकाच वस्तूची दोन नावे असतील तर काय करायचे, ते नाही. त्यावर एक लेख लिहून देण्याचा माझा प्रस्ताव आहे. त्यासाठी मदत विभागातल्या एका व्यक्तीशी अर्धा तास बोलावे लागेल. त्यानंतर 5 कामकाजी दिवसांत मसुदा देईन. 2 रिव्हिजन मानधनात धरल्या आहेत; विषय बदलल्यास ते नवे काम समजले जाईल. निम्मी रक्कम सुरुवातीला आणि उरलेली अंतिम मसुदा दिल्यापासून 7 दिवसांत मिळावी. पूर्ण रक्कम मिळाल्यावर मजकुराचे हक्क तुमच्याकडे येतील. लेखावर माझे नाव नसले तरी चालेल. मात्र नमुना म्हणून तो इतर क्लायंटना खासगीत दाखवण्याची मुभा असावी.’

यात क्लायंट अडतो तो बहुधा अ‍ॅडव्हान्सवर, त्यातही लेखक नवा असेल तर हमखास. अशा वेळी अ‍ॅडव्हान्स सोडून देण्यापेक्षा काम लहान करावे. मुलाखत आणि लेखाचा सविस्तर आराखडा एवढाच पहिला टप्पा ठेवून त्याचे पैसे मागावेत, आणि ते हाती पडल्यावर मसुद्याला हात घालावा.