फोन खोटा होता, पण वह्या?

दर काही महिन्यांनी हा मजकूर कुठून तरी फिरत येतोच. सारांश असा: "२००८ मध्ये टेक्सासात एका धार्मिक पंथाच्या वस्तीवर पोलिसांनी धाड घातली, ४०० च्या वर मुलं आयांपासून ओढून नेली, नंतर कळलं की ज्या फोनमुळे हे सगळं झालं तो फोनच खोटा, तिथल्या सुप्रीम कोर्टाने मुलं परत द्यायला लावली, म्हणजे तिथं काही नव्हतंच. सरकारला त्यांचा धर्म खुपत होता, आणि तोंड लपवायला म्हणून त्यांच्या गुरूला जन्मभर आत टाकलं." खाली बहुतेक वेळा "आणि हे आपल्याला बालविवाहावर अक्कल शिकवणार" अशी शेपटी जोडलेली असते, ती सोडा.

यातली निम्मी वाक्यं खरी आहेत, त्यामुळेच बाकीची निम्मी गपचूप गळी उतरतात. तर एकेक घेतो.

आधी हे लोक कोण ते थोडक्यात. नाव फंडामेंटलिस्ट चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, सगळे एफएलडीएस म्हणतात. मूळ मॉर्मन चर्चने (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) १८९० मध्ये बहुपत्नीत्व सोडत असल्याचं जाहीर केलं, ज्यांना ते पटलं नाही त्यांच्यातून पुढे हा पंथ निघाला. मोठं चर्च यांना आपलं मानत नाही, कोणी दुसरी बायको केली तर त्याला बाहेर काढतं, त्यामुळे "मॉर्मन असेच असतात" म्हणणाऱ्यांनीही जरा दम धरावा. यांची जुनी वस्ती युटा-ॲरिझोनाच्या सीमेवर, हिल्डेल आणि कोलोरॅडो सिटी ही जोडगावं. २००२ मध्ये रुलन जेफ्स गेला आणि त्याचा मुलगा वॉरन जेफ्स 'प्रॉफेट' म्हणजे प्रेषित झाला (मजकुरातला 'गुरू' तो हाच), मग कोणाचं लग्न कोणाशी, कोणाच्या बायका-पोरं काढून कोणाला द्यायची, कोणाला गावाबाहेर घालवायचं, सगळं तोच ठरवणार. २००३ मध्ये यांनी टेक्सासच्या श्लायकर काउंटीत एल्डोरॅडो गावाजवळ साधारण १७०० एकर जागा घेतली, गावकऱ्यांना सांगितलं शिकारीच्या हौशी लोकांसाठी लॉज बांधतोय, आणि बघता बघता तिथं पांढरंशुभ्र भलंमोठं मंदिर उभं राहिलं. धाड पडली ती यर्निंग फॉर झायन रँच हीच.

आता पहिला मुद्दा, फोन खोटा होता. हो, होता. मार्च २००८ च्या शेवटी सॅन अँजेलोच्या एका महिला आश्रय केंद्रात फोन आला, बोलणारी म्हणाली मी १६ वर्षांची आहे, रँचवर आहे, नवरा मारतो. अशी मुलगी कधीच सापडली नाही, संशय गेला तो कोलोरॅडोत राहणाऱ्या एका तिशीतल्या बाईवर, जिचा रँचशी काडीचा संबंध नव्हता. इथपर्यंत मजकूर बरोबर. पण ३ एप्रिलला वॉरंट घेऊन गेटवर उभ्या असलेल्या पोलिसांना हे माहीत नव्हतं ना! कोर्टात प्रश्न फोन खरा की खोटा एवढाच नसतो, वॉरंट मागताना पोलिसांनी तो खरा मानायला तेव्हा सबळ कारण होतं का, हा असतो. आरोपींच्या वकिलांनी नेमका हाच मुद्दा धरून सगळा पुरावा बाद करा म्हणून अर्ज केला होता, न्यायाधीश बार्बरा वॉल्थर यांनी तो फेटाळला आणि वरच्या कोर्टातही शिक्षा टिकल्या. म्हणजे "कोणी बघितलंच नाही" असं नाही, बघून नाही म्हटलंय. आपल्याकडचं उदाहरण घ्या, कोणीतरी खोडसाळपणे फोन केला की अमक्या वाड्यात माणूस डांबून ठेवलाय, पोलीस वॉरंट घेऊन गेले, माणूस नाही सापडला पण माळ्यावर देवळातून चोरलेल्या मूर्ती सापडल्या, तर काय मूर्ती परत माळ्यावर ठेवून चहा पिऊन यायचं?

आणि इथे सापडलं काय, तर वह्या. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. मंदिरात आणि शेजारच्या इमारतीत कुलूपबंद तिजोऱ्यांमध्ये यांनी स्वतःच्याच नोंदी जपून ठेवल्या होत्या, कुठल्या घरात कोण, वय काय, कोणाचं लग्न कोणाशी कधी लावलं. हेळव्याच्या वहीत वंशावळ असते तशी, फक्त इथे बायकोच्या नावापुढे तिचं वयही. शिवाय जेफ्सची रोजची डिक्टेशन, आज देवाने मला काय सांगितलं, कोणाला काय दिलं, सगळं टाइप केलेलं, आणि काही प्रसंगांचं तर ऑडिओ रेकॉर्डिंग. बाहेरच्या कोणी लिहिलेलं नाही हे, त्यांनीच आपल्या हाताने, पवित्र म्हणून. खोट्या फोनवाली बाई उद्या नसतीच तरी या वह्या होत्याच.

दुसरा मुद्दा, कोर्टाने मुलं परत दिली. इथे सगळा घोळ आहे, म्हणून जरा सावकाश.

दोन वेगवेगळ्या केसेस होत्या. एक मुलांच्या ताब्याची, दिवाणी स्वरूपाची, बालकल्याण खात्याने केलेली. दुसरी फौजदारी, ठराविक पुरुषांवर, ठराविक मुलींबाबत. पहिलीत सरकार हरलं आणि हरायलाच पाहिजे होतं असं माझं मत आहे. ४३९ मुलं उचलली, त्यात रांगणारी बाळं, दहा वर्षांचे मुलगे, सगळे एका दावणीला, का तर अख्खं रँच म्हणजे एकच घर असं खात्याने धरलं. सुरुवातीला सांगितलं की १४ ते १७ वयाच्या ३१ मुली गरोदर किंवा आई झालेल्या आहेत, नंतर त्यातल्या बहुतेक सज्ञान निघाल्या. २२ मे २००८ ला ऑस्टिनच्या अपील कोर्टाने खात्याला झापलं, प्रत्येक मुलाला लगेच धोका आहे याचा पुरावा कुठाय, पंथाची शिकवण अमुक आहे एवढ्याने तान्ह्या मुलाला धोका होत नाही. २९ मे ला टेक्सास सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं आणि २ जूनपासून मुलं परत गेली.

पण हा निकाल मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचलाय? निकाल ६ विरुद्ध ३ होता, आणि त्या तीन न्यायाधीशांचं म्हणणं होतं की मुलगे आणि लहान मुली परत द्या हे बरोबर, पण वयात आलेल्या मुलींना काढून घेणं चूक नव्हतं. बाकीच्या सहांनीही "इथे काही झालं नाही" असं कुठेही म्हटलेलं नाही, समोर आलेल्या पुराव्यावर सरसकट सगळी मुलं काढून घेणं समर्थनीय नाही, आणि मुलांचं रक्षण करायला खालचं कोर्ट दुसरे आदेश देऊ शकतं, उदाहरणार्थ संशयित माणसालाच घराबाहेर काढा, असं म्हटलंय. त्याच ऑगस्टमध्ये एका १४ वर्षांच्या मुलीला कोर्टाने पुन्हा सरकारी ताब्यात दिलं. डिसेंबरमध्ये खात्याचा अहवाल आला, त्यात १२ मुलींची लग्नं १२ ते १५ या वयात लावलेली, त्यातल्या ७ आई झालेल्या. सरकारी आकडा म्हणून शंका घ्या हवी तर, पण पुढे ज्युरीसमोर एकेका केसमध्ये जे सिद्ध झालं ते याच्याशी जुळतं.

आणि तारीख बघा. मुलं परत गेली जूनमध्ये. ग्रँड ज्युरीने (खटला भरण्याइतका पुरावा आहे का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) जेफ्स आणि आणखी चार जणांवर बाललैंगिक अत्याचाराचे आरोप ठेवले २२ जुलै २००८ ला, सोबत एका डॉक्टरवर माहिती असून कळवलं नाही म्हणून. म्हणजे ताब्याची केस हरल्यावर, जगभर नाचक्की झाल्यावर, सात आठवड्यांनी. मुलं परत दिली म्हणजे विषय संपला असता तर श्लायकर काउंटीसारख्या जेमतेम तीन हजार वस्तीच्या काउंटीतली साधी माणसं ग्रँड ज्युरीत बसून हे आरोप कशाला ठेवतील?

(हो, युटात जेफ्सला २००७ मध्ये झालेली शिक्षा २०१० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने रद्द केली, ज्युरीला दिलेल्या सूचना चुकल्या म्हणून. ती वेगळी केस, वेगळं राज्य. टेक्सासच्या शिक्षेशी तिचा संबंध नाही.)

तिसरा, आणि सगळ्यात चलाखीचा: हा त्यांचा धर्म आहे, आईबाप राजी, मुलगी राजी, सरकार कोण? पहिलं म्हणजे ही कायदेशीर लग्नं नव्हतीच, नवऱ्याची आधीच लग्नं झालेली, नोंदणी नाही, काही नाही, नुसतं 'आध्यात्मिक' लग्न. त्यामुळे "लग्नाची बायको आहे" ही सबब टेक्सासात चालत नाही, संमतीचं वय १७. शिवाय २००५ मध्येच टेक्सासने आईबापांच्या परवानगीने लग्नाचं वय १४ वरून १६ केलं, आणि हे लोक काउंटीत आलेत बघूनच केलं हे उघड गुपित आहे.

पण कायदा बाजूला ठेवा. यांचा खरंच भाबडा विश्वास होता, आपण काही चूक करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं, असं म्हणणाऱ्यांनी रेमंड जेसप नावाच्या आरोपीची केस बघावी, २००९ मध्ये याला १० वर्षं झाली. त्याची 'बायको' १६ वर्षांची, रँचवरच बाळंतपणात अडली. कळा संपत नव्हत्या. जेफ्सच्या स्वतःच्या नोंदीत लिहिलंय की तिला हॉस्पिटलात नेऊ नका म्हणून त्याने सांगितलं, कारण तिचं वय कळलं तर रेमंडवर केस होईल. वाचा पुन्हा. पोरगी मरणाच्या दारात आणि हिशोब कोर्टाचा. ज्याला आपण गुन्हा करतोय हे माहीतच नाही तो असं लिहीत नाही हो.

'मुलगी राजी' चं तर बोलूच नका. जेफ्सवर जे दोन आरोप सिद्ध झाले त्यातली एक मुलगी १५ ची, तिच्या बाळाचा बाप तोच हे डीएनएने निघालं. दुसरी १२ ची. तिचं लग्न लावलं जुलै २००६ मध्ये, तेव्हा हा माणूस एफबीआयच्या 'टॉप टेन' फरारी यादीत होता, आणि लग्न लावणारा तिचा सख्खा बाप, त्याला पुढे त्याबद्दल १० वर्षं शिक्षा झाली. बाप गुरूला मुलगी देतो, गुरू बापाला बायका देतो. यात राजी कोण आणि नाराजी सांगायची कोणाकडे? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगसजवळ गाडीत पकडला गेला जेफ्स.

"धर्मात सरकारने नाक खुपसू नये" हा युक्तिवाद मराठी माणसाला नवा नाही बरं का. १८९१ चं संमतिवयाचं बिल आठवा, वय १० वरून १२ करायचं होतं फक्त, आणि टिळकांसारखा माणूस परक्या सरकारने आमच्या चालीरीतीत पडू नये, सुधारणा समाजातूनच यावी म्हणून केसरीतून त्याविरुद्ध लिहीत होता. त्या वादात निदान परकी सत्ता हा मुद्दा होता. इथे राज्य त्यांचंच, मतदार तेच, आणि समाजातून सुधारणा म्हणाल तर विरोधात ब्र काढणाऱ्याचं घरदार, बायका-मुलं जेफ्स काढून घ्यायचा.

चौथं, सरकार हात धुऊन मागे लागलं होतं. उलट! २६ जुलै १९५३ ला ॲरिझोनाचे गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांनी याच लोकांच्या शॉर्ट क्रीक वस्तीवर धाड घातली, २६३ मुलं ताब्यात घेतली, पेपरात रडणाऱ्या आयांचे फोटो आले, लोक संतापले आणि पुढच्या वर्षी पाइल निवडणूक हरले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं कोणी राजकारणी तिकडे फिरकला नाही. १२-१५ च्या मुलींची लग्नं लावण्याइतकी हिंमत कुठून आली असेल?

बहुपत्नीत्वाचा आरोप होता का, तर काहींवर होता, वेंडेल नील्सनला त्यातच शिक्षा झाली. पण बहुतेक केसेस मुलींवरच्या अत्याचाराच्या. चार सज्ञान बायकांबरोबर राहणारे पुष्कळ जण आजही युटात सुखाने नांदतात.

पाचवं, "एका गुरूला बळीचा बकरा केला". एका? ॲलन कीट ३३ वर्षं. मेरिल लिरॉय जेसप ७५ वर्षं. एब्रम जेफ्स १७. मायकेल एमॅक ७ आणि लीहाय जेफ्स ८, या दोघांनी तर केस लढवलीच नाही. आणखी आहेत. आणि वॉरन जेफ्सला ऑगस्ट २०११ मध्ये जन्मठेप अधिक २० वर्षं. त्याने वकील काढून टाकले, स्वतः केस चालवतो म्हणाला, मग बराच वेळ नुसता गप्प उभा, मग एकदम धर्मस्वातंत्र्यावर प्रवचन. सरकारी बाजूने त्याचंच रेकॉर्डिंग लावलं. शिक्षा ठरवायला ज्युरीला अर्धा तास लागला.

राहिला शेवटचा, "झालं गेलं, जेफ्स आत आहे, रँच सरकारने २०१४ मध्ये जप्त केलं, आता कशाला उगाळायचं". कोलोरॅडो सिटीतच सॅम्युअल बेटमन नावाच्याने आपणच आता प्रॉफेट म्हणून जाहीर केलं, वीसेक बायका केल्या, त्यात अल्पवयीन मुली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याला ५० वर्षं झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये फ्लॅगस्टाफजवळ तो गाडीला ट्रेलर जोडून चालला होता, आत ११ ते १४ वयाच्या तीन मुली कोंडलेल्या, हवा यायला जागा नाही. ट्रेलरच्या दाराच्या फटीतून छोटी बोटं बाहेर आलेली रस्त्यावरच्या कोणीतरी बघितली आणि पोलिसांना फोन केला. तो फोन खरा होता.