खुलासा : गच्चीवरचं ते पिल्लू बिबट्याचं नाही
ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बिबट्याचं पिल्लू दिसलं, असा मेसेज कालपासून फिरतोय. त्यातला अंधुक फोटो माझाच, घाईही माझीच. ते उदमांजर आहे. सकाळी टाकीच्या झाकणावरच्या धुळीत ठसे बघितले : पाच बोटं, पुढे नखांच्या खुणा. बिबट्याच्या ठशात चारच बोटं उमटतात, नखं सहसा दिसत नाहीत. शेजारी विष्ठा, तिच्यात पपईच्या बिया! येऊरच्या जंगलात बिबटे आहेत, म्हणून धसका बसला हेही खरं. पण उदमांजर रात्री निघतं, फळं-उंदीर खातं. पिंजरा लावू नका, तो गुन्हा आहे. कुठे अडकलेलं दिसलं तर वनविभागाच्या १९२६ वर कळवा. मी माझी पोस्ट काढलीय. तुम्हीही तो मेसेज पुढे पाठवू नका.