फुटलेल्या पेपरवरून सांगितलेलं नाव म्हणजे अंदाज नव्हे

५ डिसेंबर २०२३. पहाटेची वेळ, कोथरूडात अंगात हुडहुडी भरणारी थंडी, आणि भाच्याचा फोन. "मामा, ऊठ ना, ट्रेलर आलाय!" 'ग्रँड थेफ्ट ऑटो' म्हणजे जीटीए या व्हिडिओ गेम मालिकेतल्या नव्या गेमचा, जीटीए सिक्सचा, पहिला ट्रेलर. खरं तर तो आपल्याकडे संध्याकाळी यायचा होता, पण कुणीतरी आधीच फोडला, म्हणून गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने घाईघाईने टाकून दिला. त्यात तुरुंगात बसलेल्या मुलीला समोरची बाई 'लुसिया' म्हणते. लुसियाच्या सोबतच्या पुरुषाचं नाव मात्र कुणी घेत नाही.

त्याच आठवड्यात भाच्याने पात्रांची नावं ओळखायला अप्पा बळवंत चौकातून शंभर पानी वही आणली आणि पट्टीने तीन रकाने आखले. पात्र, माझा अंदाज, कशावरून. माझं म्हणणं आहे ते या तिसऱ्या रकान्याबद्दल.

सप्टेंबर २०२२ मध्ये रॉकस्टारच्या सिस्टिममध्ये घुसून कुणीतरी याच गेमच्या नव्वदेक क्लिप्स बाहेर काढल्या. त्यात जेसन आणि लुसिया ही नावं होती. पुढे कित्येकांनी 'आमचा अंदाज बरोबर निघाला' म्हणत मिरवलं. मला ते पटत नाही, अजिबात नाही. फुटलेला पेपर आदल्या रात्री वाचून बोर्डात मार्क पाडण्यासारखंच आहे ते. शिवाय ज्यांनी वर्षानुवर्षं खपून ती माणसं उभी केली, त्यांचं कच्चं काम चव्हाट्यावर आलं, ते वेगळंच.

अंदाज बांधायला डोकं लागतं, आणि जीवही लावावा लागतो. २००१ च्या जीटीए थ्रीचा नायक अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही, त्याला कुणी नावाने हाकही मारत नाही. त्याचं नाव क्लॉड, हे गेममध्ये ऐकायला मिळालं ते थेट याच मालिकेतल्या २००४ च्या सॅन अँड्रियास या गेममध्ये, कॅटलिना या पात्राच्या तोंडून. मी तेव्हा सायबर कॅफेत खेळायचो. ते नाव कानावर पडलं आणि अंगावर काटा आला होता.

आपली मराठी माणसं तर नावं वाचण्यात मुरलेली. आडनावात 'कर' आला की आपण लगेच गाव शोधतो. (आडनाव विचारून जात काढायची खोड मात्र सुटायला हवी, मनापासून सांगतो.) पुण्यातच तयार झालेला २०२० चा 'राजी' हा गेम आठवा. राजीच्या भावाचं नाव गोलू. घरात लाडाने हाक मारायचं नाव. ते ऐकलं की त्या पोराला शोधायला बहीण कुठवर जाईल, हे वेगळं सांगावं लागत नाही.

तर वही. जेसन हे नाव एव्हाना सगळ्यांच्या तोंडी झालं होतं, म्हणून भाच्याने ते पानावर घेतलंच नाही. आडनावाच्या मागे लागला. गेममधलं लिओनिडा हे काल्पनिक राज्य म्हणजे अमेरिकेतलं फ्लोरिडा, आणि हा गडी दक्षिणेच्या बेटांवरचा वाटतो, असा त्याचा होरा. नकाशा काढला, ती बेटं मनरो काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतात हे पाहिलं आणि लिहिलं, 'मनरो'.

६ मे २०२५ ला दुसरा ट्रेलर आला, सोबत अधिकृत नावंही. लुसिया कॅमिनोस आणि जेसन डुव्हाल. भाच्याचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, नकाशा पुन्हा उघड. जेसन खरंच बेटांवर, तिथल्या ड्रग्जवाल्यांसाठी काम करणारा निघाला होता. आणि त्या मनरो काउंटीतल्या 'की वेस्ट' या गावचा सगळ्यात प्रसिद्ध रस्ता कुठला? डुव्हाल स्ट्रीट! पोरगं खुर्चीवरून उठून उभं राहिलं. नाव चुकलं, पण गाव बरोबर काढलं होतं. रॉकस्टारने ते नाव तिथूनच घेतलं की नाही, हे तेच जाणोत. मी तिसऱ्या रकान्यावर लाल पेनाने बरोबरची खूण केली.

गेमची सध्या जाहीर असलेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे. ट्रेलरमध्ये ओझरते दिसलेले कितीतरी चेहरे अजून बिननावाचे आहेत आणि वहीत पानंही भरपूर उरलीत. तुमचे अंदाज खाली लिहा. 'कशावरून' तेही लिहा. फुटलेलं काही हाताला लागलं असेल, तर ते तेवढं तुमच्यापाशीच ठेवा, भाचा कमेंट वाचतो.